सवलत असते, सांगत कोणी नाही

चाकणला पर्चेसमध्ये आहात, जर्मनीत मटेरियल कंप्लायन्सची ऑफर आलीय, मुलगी दुसरीत आहे, तर यावं का, असं विचारलंय तुम्ही. व्हिसा, ब्लू कार्ड, विमा सगळं सरकारी साइटवर सापडेल. मी दुसरंच सांगतो.

नाव मोठं आहे, ग्रीन सप्लाय चेन. काम म्हणजे सप्लायरांच्या मागे लागून, मालात कोणता घातक पदार्थ किती आहे याची डिक्लेरेशन गोळा करणं. रोह्स (विजेच्या वस्तूंतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा युरोपचा नियम) झालं की रीच (युरोपचा रसायनांचा कायदा). रीचची घातक पदार्थांची यादी वर्षातून साधारण दोनदा वाढते, की पुन्हा सगळ्यांना मेल.

परवा भोसरीहून एका वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. पितळी टर्मिनल करतात. "साहेब, शिसं किती लिहू? सांगाल ते लिहितो." म्हटलं, अहो, फ्री कटिंग ब्रास आहे, तीनेक टक्के शिसं असणारच, नाहीतर लेथवर चिप तुटणार कशी? रोह्सची मर्यादा ०.१ टक्का खरी, पण तांब्याच्या मिश्रधातूला ४ टक्क्यांपर्यंत सवलत आहे, तीच लिहा. आणि २०१८ पासून शिसं रीचच्या यादीत आहे, म्हणून कळवावंही लागतं. "आहे म्हणून लिहिलं तर माल घ्याल ना?"

मला हसू आलं नाही. २००७ साली भोसरीतच मी 'लेड फ्री'च्या कागदावर टेस्ट न करता सही ठोकली होती. टेस्टचे पैसे गिऱ्हाईक तेव्हा देत नव्हतं, आजही देत नाही. भाव मात्र पाडून मागतं. आता ते गिऱ्हाईक मी आहे.

एकटेपणाचं विचारलंत. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. होते सवय.

शाळेचं मात्र नीट ऐका. आम्ही बव्हेरियात आहोत. इथे चौथीतच वाटा फुटतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे सर्वांत चांगला. आमची तिसरीत आली, जर्मनचा गंध नव्हता. मे महिन्यात कागद हातात आला: गणित १, परिसर ३, जर्मन ४. सरासरी २.६६, म्हणजे रेआलशूले, त्याखालच्या पायरीची शाळा. मी मुकाट्याने सही केली.

पहिलीपासून इथे न शिकलेल्या परभाषी मुलांना, जर्मन सुधारेल असं शाळेला वाटलं तर, ३.३३ पर्यंत सवलत देता येते, हे मला वर्षभराने कळलं. तेही किराणा दुकानात, एका तुर्की बाईंकडून. पितळेची सवलत मला कलमासकट पाठ होती हो. शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पोरगी मजेत आहे तिथे. घरी हा विषय मीच काढतो, बायको उठून जाते.

या तुम्ही. पण जर्मनचा क्लास आजच लावा, तुमच्याआधी तिचा.