त्यांच्याच बाटलीतली एक गोळी घेऊ का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) नवरा मालवणकडे ट्रॉलरवर खलाशी. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने माणूस घरात. त्याला एचआयव्ही असल्याचं एप्रिलमध्ये कळलं, लगेच उपचार सुरू झाले. तिची तपासणी निगेटिव्ह. तरी लागण होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिलाही रोज एक गोळी सुचवलेली, प्रेप नावाची.

"माका काय झाला नाय, मगे मी गोळी कित्याक खाव?"

मी विचारलं, "लावणीला चिखलात उतरण्याआधी लेप्टोची गोळी घेता ना? तेव्हा लेप्टो झालेला असतो का?"

ती हसली. मग खरा प्रश्न आला, अगदी हळू. "मगे तेंच्याच बाटलीतली एक घेतली तर? दुसरी बाटली सासू बघतली."

हे मात्र करायचं नाही. त्याच्या गोळीत तीन औषधं, हिच्या गोळीत दोनच: टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन. त्याच्यातली घेतली तर त्याचे डोस कमी पडतील आणि विषाणू औषधाला दाद देईनासा होईल. उलट, हिलाच नकळत लागण झालेली असेल तर दोन औषधं पुरत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी, पुढेही दर तीन महिन्यांनी. शिवाय मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी. रोज न चुकता घेतली तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. गुप्तरोग आणि गर्भधारणा मात्र ही गोळी थांबवत नाही, त्यामुळे निरोध हवाच.

"जन्मभर?"

नाही. नवऱ्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दबला आणि दबलेला राहिला, की संबंधातून त्याच्याकडून लागण होत नाही. तिथपर्यंतचा हा साकव. बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने नाही.

पहिले काही दिवस मळमळलं. बाटली तिने कोकमांच्या बरणीमागे ठेवली. आतली ओलावा शोषणारी पुडी तेवढी फेकू नका, म्हटलं; आपल्या पावसात पापडही टिकत नाहीत.

सप्टेंबरच्या तपासणीला बाटली घेऊन आली. टेबलावर ओतून मोजली. एक जास्त.

"नारळी पुनवेक इसारलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दोन घेवक नाय ना होयी होत्यो?"

"नाही. एकच घेतलीत ते बरोबर."

तिने गोळ्या एकेक करून परत बाटलीत टाकल्या.