जुने प्रेमी, दोघांची लग्नं दुसरीकडे ठरलेली, साल १९४७: यांना परत एकत्र कसं आणायचं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यातली प्रेमकथा लिहिताय, साल १९४७. दोघांचं कॉलेजात प्रेम होतं, ‘घरच्यांमुळे’ तुटलं. आता दोघांची लग्नं दुसरीकडे ठरली आहेत. वाचकाची सहानुभूती न गमावता त्यांना एकत्र कसं आणू, आणि कादंबरी किती प्रकरणांची असावी?

‘घरच्यांमुळे’ या एका शब्दासाठी हे उत्तर लिहितेय. घरच्यांमुळे म्हणजे नेमकं कशामुळे? आत्याने लपवलेली चिठ्ठी, न पोचलेलं पत्र, गैरसमज यातलं काही असेल तर आत्ताच काढून टाका. अशी ताटातूट १९४७ मध्येही होते आणि २००७ मध्येही. मग नायिकेला नऊवारी कशाला नेसवायची? ताटातूट ज्या कारणाने झाली ते कारण त्या काळाचं हवं, आणि दुसरी संधीही त्या काळानेच द्यायला हवी.

तुमचं साल यासाठी फार चांगलं आहे. दोघंही चित्पावन धरा. तो काश्यप, ती शांडिल्य. १९४२ साली फर्ग्युसनमध्ये असताना दोघांनी गोत्रं विचारून घेतली, वेगळी निघाली, निर्धास्त झाले. चित्पावनांची गोत्रं चौदा. पण काश्यप आणि शांडिल्य एकाच गणातले, म्हणजे गोत्रांच्या एकाच गटातले धरतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलांना हे ठाऊक नसणं अगदी शक्य आहे, आणि मुलीच्या आजोबांना ठाऊक नसणं अशक्य. आजोबांनी आरडाओरडा करायची गरजच नाही. ‘आपल्यात होत नाही’ एवढं म्हणून ते पानावर बसले की झालं. इथे खलनायक लागत नाही, कारण आजोबा खोटं बोलत नाहीत. सप्रवर, म्हणजे गोत्रं वेगळी असली तरी मूळ ऋषी सामाईक असलेल्यांचं, लग्न तेव्हा शास्त्राला तर नामंजूर होतंच, हिंदू कायद्यालाही होतं.

१९४६ साली हिंदू मॅरेज डिसॅबिलिटीज रिमूव्हल अॅक्ट आला. दोघं सगोत्र किंवा सप्रवर आहेत एवढ्यावरून हिंदू लग्न रद्दबातल ठरणार नाही, असं त्याने ठरवलं. ही तुमची दुसरी संधी. कायदा बदलला, आजोबा नाही बदलले. आणि नायकाला हे कळलं तेव्हा दोन्हीकडच्या याद्या, म्हणजे लग्नाच्या देण्याघेण्याची लेखी बोलणी, झालेल्या होत्या.

याद्यांचा प्रसंग सावकाश लिहा. बैठकीत दोन्हीकडची वडील माणसं, मधे कागद, वर ‘श्री’, कोपऱ्यांना कुंकू. वरदक्षिणा किती, विहिणीचा मान काय, पोशाख कुणाला, जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा, पंगती किती, हे एकेक कलम वाचून लिहायचं आणि खाली सह्या. आतल्या दारात उभी असलेली नायिका स्वतःची किंमत कलमाकलमाने ऐकते. मग साडी, नारळ, साखरेचा पुडा. दिवस रेशनिंगचे आहेत, त्या पुड्यातली साखर दोन-तीन घरांच्या कार्डांवरून जमवलेली असणार. लग्न मोडताना हाच पुडा परत करायचा प्रश्न येतो, तेव्हा त्याचं वजन वाचकाला आधीच माहीत असायला हवं. कर्मठ घरात अंगठ्यांची अदलाबदल दाखवू नका.

आता पंचांग उघडा. १९४७ साली अधिक श्रावण होता. त्यामुळे चातुर्मास चारऐवजी पाच महिन्यांचा झाला, आषाढी जूनअखेर आणि कार्तिकी नोव्हेंबरात. ज्येष्ठात याद्या झाल्या असतील तर तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणालाही घाई करता येत नाही. कथेला लागणारा वेळ पंचांगानेच दिलाय, त्यासाठी कुणाला आजारी पाडायला नको. १५ ऑगस्टही याच अधिक महिन्यात येतो.

अधिकातला एक प्रसंग फुकट घालवू नका: जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे. होणाऱ्या जावयाला वाण देत नाहीत, म्हणून ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्यासाठी करा आणि नायिकेला पिठाशी बसवा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, फडक्यावर निथळून दमट असतानाच कुटून बारीक चाळायचे. पिठाइतकाच किसलेला गूळ, चमचाभर तूप, आणि गोळा चार-पाच दिवस डब्यात. थापायचा खसखशीवर, तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे जाळी पडायच्या आधीच विस्कटतो. नायिकेचा पहिलाच हसतो. आई म्हणते, ‘असू दे, पुढच्या अधिकात तुझ्या नवऱ्यासाठी करशील तोवर हात बसेल.’ पुढचा अधिक १९५० चा. नायिका मनात ती तीन वर्षं मोजते. तिच्या तोंडी एकही संवाद घालू नका.

मोडायचं कसं? कोर्ट जबरदस्तीने लग्न लावून देत नव्हतं, फार तर नुकसानभरपाई आणि दिल्या वस्तूंची परतफेड. तेव्हा कोर्टाची भीती नायकाला दाखवू नका, खरी भीती ज्या दोघांशी यांची लग्नं ठरली आहेत त्या दोन माणसांची आहे. ठरलेलं लग्न मोडलेल्या मुलीला पुन्हा स्थळ मिळणं कठीण, पुरुषाला मिळतं. म्हणून नायकाने आपलं ठरलेलं लग्न आधी मोडायचं, स्वतः त्या घरी जाऊन, नायिकेचा होकार हातात नसताना. होकार खिशात टाकून गेला तर सहानुभूती गेली. आणि त्याच्या नियोजित वधूला कजाग करू नका. तिला शहाणी, बऱ्या मनाची ठेवा आणि तिचं नुकसान पूर्ण होऊ द्या. सहानुभूती टिकते ती नायकाला त्या नुकसानाची लाज वाटते म्हणून. तिला घाईघाईने डॉक्टर नवरा शोधून देण्याची खोड मला अजिबात मान्य नाही.

दोघींशी लग्न हा जुना मार्गही बंद आहे. मुंबई प्रांतात १९४६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने हिंदूंना द्विभार्या प्रतिबंध लागला.

मार्गशीर्षात लग्न लागलं नाही तर पौष लागतो, आणि त्या पौषातच ३० जानेवारी १९४८ येते. गांधीहत्येनंतर पुण्यासह सातारा, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ब्राह्मण कुटुंबाची कथा माघापर्यंत नेलीत तर याला वळसा घालता येणार नाही. झेपत नसेल तर मार्गशीर्षातच संपवा.

‘कायदे आणि पंचांग घुसडून प्रेमकथेचा इतिहास-भूगोल होतो’ हे मी फार ऐकलंय आणि मला ते कधीच पटलेलं नाही. पावसात भिजलेली नायिका सगळ्यांना सुचते. आजोबांचं म्हणणं आता कायद्यालाही मान्य नाही हे कळल्यावर नातीने त्यांच्यापुढे ताट वाढायचं कसं, हे सुचायला १९४६ माहीत असावं लागतं.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. हे सगळं चित्पावन घराचं झालं. मराठा घर घेतलंत तर गोत्राऐवजी देवक आणि कूळ बघा, घडी वेगळी बसेल. दोघांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या असतील, पुणे विद्यापीठ १९४९ चं. पैसे आण्यांत मोजा, नवे पैसे १९५७ मध्ये आले.

आणि एक जाणकार वाचक हमखास विचारेल: १९४२ मध्येच नोंदणी लग्न का केलं नाही? १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना १८७२ च्या स्पेशल मॅरेज अॅक्टखाली धर्म न नाकारता तसं लग्न करता येत होतं. पण ते केलं की मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जाई, आणि बापाला दुसरा मुलगा हयात नसेल तर दत्तक घेण्याचा हक्क मिळे. नायक एकुलता एक ठेवा. बापाने दत्तकासाठी भावाच्या मुलाचं नाव नुसतं काढलं आणि नायक मागे सरला, असं पहिल्या भागात असू द्या. नायिकेचा राग खरा ठरतो, आणि १९४७ मध्ये ती त्याला हेच विचारणार: कायदा बदलला म्हणून आलास, की बदलला नसता तरी आला असतास?

याचं उत्तर त्याने कुठल्या प्रकरणात द्यायचं ते ठरवा, म्हणजे एकूण प्रकरणं किती ते आपोआप कळेल. माझ्या अंदाजाने वीस-बावीस.