आंब्यांची प्रत ‘इज’ की ‘आर’?

या खेपेच्या टपालात ‘इज’ आणि ‘आर’ची भांडणंच जास्त होती, म्हणून इतर पत्रं बाजूला ठेवली आहेत.

रत्नागिरीहून एक बागायतदार: दुबईच्या ग्राहकाला लिहिलं, ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर व्हेरी गुड’. मुलगी म्हणते, ‘इज’ हवं. आंबे तर पेट्या भरून आहेत, मग एकवचन कसं?

मुलीचं बरोबर आहे. आंबे कितीही असोत, तुम्ही चांगली म्हणताय ती प्रत, आणि ती एकच आहे. मराठीत तुम्ही ‘आंब्यांची प्रत चांगले आहेत’ असं झोपेतही म्हणणार नाही. मग इंग्रजीत का घसरलात?

दोष आपल्या कानाचा आहे. मराठीत ‘आंब्यांची’ आधी येतं आणि ‘प्रत’ नंतर, म्हणजे कर्ता क्रियापदाच्या बाजूला येऊन बसतो. लहानपणापासून कानाला ही सवय असते. इंग्रजीतला ‘ऑफ’ ही रांग उलटी लावतो. ‘क्वालिटी’ पुढे निघून जाते, ‘मँगोज’ मागे राहतात आणि क्रियापदाला खेटून उभे असतात. आपण शेजाऱ्यालाच घरमालक समजतो. वाक्य लांबलं की जन्माने इंग्रज असलेली माणसंही अशी फसतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणा आणि क्रियापद कोणाशी जुळतं ते बघा. ‘माझ्या मित्रांपैकी एक जण दुबईत आहे’, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज इन दुबई’. परीक्षेत हमखास येणारी जोडीही अशीच सुटते. ‘बरीच माणसं आली आहेत’ म्हणजे ‘अ नंबर ऑफ पीपल हॅव कम’. ‘माणसांची संख्या वाढली आहे’ म्हणजे ‘द नंबर ऑफ पीपल हॅज गॉन अप’. ‘अ’ आणि ‘द’ने केवढा फरक पडतो, हे पाठ करण्यापेक्षा असं लवकर कळतं.

नाशिकहून बारावीची विद्यार्थिनी: बाई, तुमची मराठीत म्हणून बघायची युक्ती मी वापरते, पण ‘शी हॅव रिटन थ्री लेटर्स’ला सरांनी काट मारली. ‘तिने तीन पत्रं लिहिली आहेत’, मग ‘हॅव’ का नाही?

युक्तीचा हाच खड्डा. कर्त्याला ‘ने’ लागला की मराठी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे जातं. तिने पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, पत्रं लिहिली. ‘ती’ला कोणी विचारत नाही. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजी क्रियापद मात्र कर्माकडे ढुंकूनही बघत नाही. तीन पत्रं लिहा नाहीतर तीनशे, लिहिणारी एकटी असेल तर ‘शी हॅज’. तेव्हा ‘ने’ दिसला की युक्ती बंद.

ठाण्याहून एक रिसेप्शनिस्ट: फोनवर मी ‘सर आर इन अ मीटिंग’ म्हणते. ‘सर इज’ म्हणायला जीभ वळत नाही, उद्धट वाटतं.

वाटणारच. ‘साहेब मीटिंगमध्ये आहे’ म्हणालात तर नोकरी जाईल. पण इंग्रजीत तिसऱ्या माणसासाठी आदरार्थी बहुवचन नाही. राष्ट्रपतींनाही ‘इज’च लागतं. आदर दाखवायचा तो ‘सर’ आणि ‘प्लीज’मध्ये दाखवा.

गंमत म्हणजे समोरच्याशी बोलताना इंग्रजांनी आपल्यासारखंच केलं. ‘यू’ हा मुळात अनेकांसाठीचा शब्द. एकट्यासाठी ‘दाऊ’ होता, आणि ‘दाऊ आर्ट’ म्हणजे ‘तू आहेस’. मोठ्यांना मानाने ‘यू’ म्हणता म्हणता सगळ्यांनाच ‘यू’ झालं आणि ‘तू’ बोलण्यातून जवळजवळ गेला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’. अठराव्या शतकात एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणणारे पुष्कळ होते. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात त्यांना चांगलंच फटकारलं. मला विचाराल तर ‘यू वॉज’वाल्यांच्या म्हणण्यात तर्क होता. पण हरले बिचारे.

कोल्हापूरहून एक आजोबा: कॉमेंटेटर ‘इंडिया आर बॅटिंग’ म्हणतो आणि नातवाच्या पुस्तकात ‘इंडिया इज’. खरं कोण?

दोघंही. ब्रिटिश पद्धतीत संघ म्हणजे अकरा खेळाडू, म्हणून ‘आर’. क्रिकेटची भाषा तिथूनच आली. अमेरिकन माणूस तिथे सहसा ‘इज’च म्हणेल. देश म्हणून बोलताना मात्र सगळीकडे ‘इंडिया इज’. नातवाला पेपरात ‘द टीम इज’ लिहू दे, मार्क जाणार नाहीत.

पुण्याहून एका सोसायटीचे सचिव: नोटिशीत ‘द चेअरमन, अलाँग विथ द मेंबर्स, हॅव डिसायडेड’ असं लिहिलं, तर एका सभासदाने लाल पेनाने दुरुस्ती करून नोटीस परत लावली!

सभासद खवट असतील, पण बरोबर आहेत. ‘राम आणि लक्ष्मण वनात गेले’, पण ‘राम लक्ष्मणासह वनात गेला’. ‘अलाँग विथ’ म्हणजे हा ‘सह’. कर्ता एकटे चेअरमन, म्हणून ‘हॅज’. सगळ्यांना निर्णयात घ्यायचं असेल तर सरळ ‘अँड’ लिहा. तसंही निर्णय सगळ्यांचा होता ना?

साताऱ्याहून एक शिक्षक: मुलं ‘ही डझन्ट गोज’ लिहितात. किती सांगितलं तरी तेच.

‘त्या गेल्या नाहीत’मध्ये ‘गेल्या’ही बदलतं आणि ‘नाहीत’ही. मुलं हेच इंग्रजीत करतात. ‘एस’ एकच आहे आणि तो ‘डझ’ने आधीच उचलला, ‘गो’च्या वाट्याला काही उरलं नाही, असं फळ्यावर ‘एस’ पुसून दाखवा. माझ्या वर्गात तरी त्याचा उपयोग झाला.

मुंबईहून एक वाचक: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज आर टू मच’, असं रिक्षावाल्याशी भांडणाऱ्या एका पर्यटकाला सांगितलं. चुकलं का?

‘इज’ हवं होतं. पाचशेच्या नोटा मोजत नसून एक रक्कम सांगताय. भाडं मात्र खरंच जास्त होतं.