मुळांना फाटे कोण फोडते?

प्रश्न : अझोस्पिरिलमची बीजप्रक्रिया केलेली आणि न केलेली रोपे उपटून मी त्यांची मुळे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. प्रक्रिया केलेल्या रोपांच्या मुळांना फाटे जास्त होते आणि माती इतकी चिकटलेली होती की धुतल्याशिवाय सुटेना. हे जिवाणू नत्र स्थिर करतात एवढेच मी ऐकले होते. मग मुळांत हा फरक कशामुळे? संवर्धकाची मात्रा दुप्पट केल्यास मुळे आणखी वाढतील का?

उत्तर : आपण पानांवर न थांबता मुळे पाहिलीत, याचा फार आनंद झाला, कारण या जिवाणूंचे खरे काम तिथेच दिसते. मुळांतून शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले सतत पाझरत असतात. त्यांतील ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून अझोस्पिरिलम इंडोल ॲसेटिक आम्ल तयार करते, आणि वनस्पती स्वतः बनवते ते मुख्य ऑक्सिनही (वाढीचे संजीवक) हेच असल्यामुळे मूळ ते आपलेच समजून वापरते. त्यामुळे बाजूची मुळे अधिक फुटतात आणि मूलरोम, म्हणजे मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू, दाट होतात. आपल्याला दिसलेली चिकट माती बहुधा या मूलरोमांनीच धरून ठेवलेली असावी. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या बाजरीवरील प्रयोगांत ऑक्सिन, जिबरेलिन आणि कायनेटिन ही संजीवके एकत्र दिल्यावरही मुळांत जिवाणू दिल्यासारखेच बदल दिसले होते. नत्राचा वाटा नाकारायचे कारण नाही. परंतु मुळांचा पसारा वाढल्याने पाणी आणि अन्नद्रव्ये अधिक शोषली जातात, हा लाभ मला त्याहून मोलाचा वाटतो.

मात्रा मात्र दुप्पट करू नये. ऑक्सिन प्रमाणाबाहेर गेले की मुळांत इथिलीन हे वायुरूप संजीवक वाढते आणि मुळाची लांबी खुंटते; म्हणजे फाटे पुष्कळ, पण मूळ आखूड आणि जाड, अशी स्थिती होते. काही जिवाणू इथिलीनच्या आधीचा घटक, म्हणजे एसीसी, एका विकराच्या साहाय्याने फोडून हा अडथळा कमी करतात, पण जिवाणूच्या प्रत्येक वाणात ती क्षमता असतेच असे नाही. म्हणून शिफारशीइतकेच संवर्धक वापरावे, आणि पुढच्या वेळी मुळे धुतल्यावर फाट्यांच्या संख्येबरोबर मुख्य मुळाची लांबीही मोजावी.