विचारा बाईंना : जरी आलं की तरी येतंच

प्रश्न : बाई, सा. न. वि. वि. माझा मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. चाचणीत त्यानं 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सराफा' असं लिहिलं. सरांनी 'बट' लाल पेननं खोडलं आणि मार्क कापला. मला तर वाक्यात काही खोट दिसत नाही. शिवाय 'व्हेन' दिसलं रे दिसलं की तो ॲडव्हर्ब क्लॉज (क्रियाविशेषण उपवाक्य) लिहून मोकळा होतो आणि निम्मे चुकतात. घरी कसं समजवू?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, खोट दिसत नाही, कारण तुमचे कान मराठी आहेत. माझेही होते. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी 'ऑल्दो आय ॲम न्यू, बट आय विल वर्क हार्ड' असं ऐटीत लिहिलं होतं. मुख्याध्यापिकेनं 'बट'भोवती गोल काढला, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "इनमें से एक को घर भेजो." नोकरी मिळाली, पण तो गोल अजून डोळ्यांसमोर आहे.

आपल्याकडे ही अव्ययं जोडीनं हिंडतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, जिथे-तिथे. आपल्या इंदुरात तर घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि हिंदीतही जब-तब, जो-वो आहेच. पोराला जोडी सोडून बोलायची सवय लागणार कुठून? इंग्रजीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच जण काम करतो. 'इफ'मागून 'देन' आलेलं चालतं. 'ऑल्दो'मागून 'यट' जुन्या लिखाणात सापडतं. पण 'बट' नाही.

का नाही, हे मुलाला सांगाच, नाहीतर तो नियम पाठ करील आणि पुढच्या पेपरात विसरेल. 'बट' दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडतं; 'अँड'सारखंच. त्यातून कंपाउंड सेंटेन्स होतं. 'ऑल्दो' ज्या वाक्याला लागतं, त्याला दुसऱ्याच्या आश्रयाला बसवतं; त्यातून कॉम्प्लेक्स होतं. आता दोन्ही घातली तर एक म्हणतं 'हा आश्रित', दुसरं म्हणतं 'दोघं भाऊ बरोबरीचे'. म्हणून एक तर 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट टू सराफा', नाहीतर 'इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सराफा'. (पावसात सराफ्याच्या खाऊगल्लीत गेला म्हणजे भुट्ट्याचा कीस खायलाच गेला असणार. त्याचा अर्धा मार्क मी दिला असता.)

आता 'व्हेन'. शब्द बघून क्लॉज ओळखणं म्हणजे टोपी बघून माणूस ओळखणं. माणूस काय काम करतोय ते बघायचं. तुमचा मुलगा सरवटे बस स्टँडवर उज्जैनच्या बसची वाट बघतोय असं समजा आणि त्याच्याकडून ही तीन वाक्यं वहीत लिहून घ्या :

आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम.

वेक मी अप व्हेन द बस कम्स.

आय रिमेंबर द डे व्हेन द बस ब्रोक डाउन.

पहिल्यात 'व्हेन'पासूनचा सगळा तुकडा बोटानं झाका आणि तिथे 'इट' ठेवा. 'आय डोन्ट नो इट.' बसलं! म्हणजे तो तुकडा नामाचं काम करतोय : नाउन क्लॉज. दुसऱ्यात झाका. 'वेक मी अप' एवढं आपल्या पायावर उभं राहतं. झाकलेला तुकडा फक्त कधी ते सांगत होता : ॲडव्हर्ब क्लॉज. तिसऱ्यात तो 'द डे'ला चिकटलाय, कोणता दिवस ते सांगतोय : ॲडजेक्टिव्ह क्लॉज. टोपी एकच, कामं तीन.

आणि जाता जाता 'विल' बघा. पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. आपण 'बस येईल तेव्हा उठव' म्हणतो, म्हणून मुलं 'व्हेन द बस विल कम' लिहितात. वेळ सांगणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये गोष्ट पुढची असली तरी इंग्रजी सहसा साधा वर्तमानकाळच घेतं. म्हणजे क्लॉज नीट ओळखला की काळही आपोआप सुधारतो. माझ्या ओसरीवरच्या शिकवणीत मी बाकी सगळं मागे टाकून तीन दिवस हेच घोटून घेते.

प्रश्न : मी अमेरिकेतल्या पुतण्याला ईमेलमध्ये 'माय सन हू लिव्ह्ज इन पुणे हॅज बॉट अ कार' असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, 'काका, बाकीचे चुलतभाऊ कुठे असतात?' मला एकच मुलगा आहे. चुकलं काय?
— निवृत्त बँक कर्मचारी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काका, दोन स्वल्पविराम राहिले, एवढंच. 'माय सन, हू लिव्ह्ज इन पुणे, हॅज बॉट अ कार' म्हटलं की मुलगा एक, आणि पुण्याची माहिती सहज दिलेली. स्वल्पविराम काढले की तो क्लॉज निवड करायला लागतो : अनेक मुलांपैकी पुण्यातला. मराठीत 'पुण्यात राहणाऱ्या माझ्या मुलानं' यातून दोन्ही अर्थ निघतात आणि कोणी शंका घेत नाही, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. या स्वल्पविरामानंतर 'हू'ऐवजी 'दॅट' मात्र घालू नका. पुतण्या चोखंदळ दिसतो, गाडीचं अभिनंदन बाजूला ठेवून तेच धरून बसेल.

प्रश्न : एका गाईडमध्ये वाक्याचे प्रकार सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स दिलेत. दुसऱ्यात विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार. खरं कोणतं?
— दहावीचा विद्यार्थी, देवास

उत्तर : दोन्ही खरी, वाटणी वेगळी. पहिली वाक्याच्या बांधणीवरून, दुसरी वाक्य कशासाठी बोललं त्यावरून. 'शट द डोअर' हे आज्ञार्थीही आहे आणि सिंपलही. बांधणीत एक चौथा प्रकारही आहे, कंपाउंड-कॉम्प्लेक्स, तोही बघून ठेव.

सिंपल म्हणजे लहान असं मात्र समजू नकोस. 'सीइंग द रेन, वी रॅन टू अ शॉप टू बाय अ कॅप' यात काळ दाखवणारं क्रियापद एकच, 'रॅन'. 'सीइंग' आणि 'टू बाय' धरायचे नाहीत. वाक्य लांबलचक, तरी सिंपल. उलट 'आय नो यू लाइड' चारच शब्दांचं, पण क्रियापदं दोन आणि 'दॅट' पोटात दडलेलं : कॉम्प्लेक्स. पेपरात 'स्ट्रक्चर' हा शब्द दिसला की अशी क्रियापदं मोजायला लाग, नुसते शब्द मोजू नकोस.