टोचलेले एक्सोसोम रक्तातून इतक्या लवकर कुठे जातात?

उंदराच्या शिरेत टोचलेले एक्सोसोम, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या मेदाच्या आवरणातल्या सूक्ष्म पिशव्या, काही मिनिटांतच रक्तात सापडेनासे होतात, मग ते रक्तातच फुटतात का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक फुटत नाहीत, गिळले जातात. गिळतात त्या मुख्यतः यकृतातल्या कुप्फर पेशी.

या पेशी म्हणजे यकृतात कायमचा मुक्काम असलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे परके कण आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत, आतल्या भिंतीला धरून त्या थेट वाहत्या रक्तात बसलेल्या असतात. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण चौथा हिस्सा यकृतातून जातो आणि तिथे त्याचा वेगही मंदावतो. त्यामुळे 100 नॅनोमीटरच्या आसपासचा कण त्यांच्या तावडीतून फार वेळ सुटत नाही. काही एक्सोसोम प्लीहेत जातात, काही फुप्फुसात.

ओळख पटते ती बरीचशी फॉस्फॅटिडिलसेरीनवरून. धडधाकट पेशी हा मेदरेणू आवरणाच्या आतल्या बाजूला ठेवते, मरू घातलेल्या पेशीत तो बाहेर येतो आणि मॅक्रोफेज तिला उचलतात. एक्सोसोमवर तो बऱ्याचदा बाहेरच असतो. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं (परक्या कणांवर खूण करणारी) चिकटली की पकड आणखी घट्ट होते. उलट ज्यांच्यावर सीडी47 हे प्रथिन असतं त्यांना मॅक्रोफेज सहसा सोडून देतात. असे एक्सोसोम रक्तात जास्त टिकतात, हे 2017 मध्ये उंदरांत दिसलं.

मला सगळ्यात पटणारा पुरावा क्लोड्रोनेटचा. हे औषध लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या कृत्रिम सूक्ष्म पिशव्यांत, भरून टोचतात. मॅक्रोफेज ते खाद्य समजून गिळते, आत लायपोसोम फुटतो आणि औषध तिला आतूनच मारतं. अशा उंदरांत एक्सोसोम रक्तात बराच जास्त वेळ राहतात. रक्तात आपोआप फुटत असते, तर मॅक्रोफेज असोत-नसोत, फरक पडला नसता.

एक मात्र कळकळीने सांगतो. एक्सोसोमचा माग काढायला पीकेएचसारखा मेदात विरघळणारा चमकणारा रंग वापरत असाल, तर यकृतातल्या चमकीवर भिस्त ठेवू नका. एक्सोसोम पचून गेला तरी रंग मागे राहतो, आणि त्या रंगाचे स्वतःचेच गोळे होतात, तेही मॅक्रोफेज गिळतात. म्हणून एक्सोसोमशिवाय नुसता रंग दिलेला गट ठेवाच. जमलं तर आवरणातल्या प्रथिनाला जोडलेलं ल्युसिफरेज (प्रकाश निर्माण करणारं विकर) वापरा. अशा मोजणीत अर्धायुष्य दोनेक मिनिटांचं निघालेलं आहे, तेव्हा पहिला रक्तनमुना अर्ध्या तासाने घेतलात तर मुख्य घटना आधीच उरकलेली असेल. तो पहिल्या एक-दोन मिनिटांतच घ्या.