नवा पदार्थ चाखण्याची टाळाटाळ मोजताना

मुलं अनोळखी पदार्थ चाखायला किती टाळाटाळ करतात, हे मोजायला तुम्ही पालकांनी भरायच्या प्रश्नावलीपासून सुरुवात करताय, ते योग्यच आहे. प्लायनर आणि हॉब्डेन या संशोधकांची ही टाळाटाळ मोजणारी १९९२ ची दहा विधानांची मोजपट्टी मोठ्यांसाठी होती. पालकांनी मुलांबद्दल भरायची आवृत्ती प्लायनर यांनी १९९४ मध्ये दिली. त्यातली काही विधानं उलट अर्थाची, म्हणजे नव्या पदार्थांची आवड सांगणारी आहेत. बेरजेआधी त्यांचे गुण उलटवा, नाहीतर सगळाच आकडा फसवा येईल.

पण एवढ्यावर थांबू नका, अशी माझी कळकळीची विनंती. पालक सांगतात ते त्यांना दिसलेलं मूल असतं. जमल्यास मुलासमोर एक ओळखीचा आणि दोन-तीन अनोळखी पदार्थांचे छोटे घास ठेवा. नुसतं पाहिलं, हात लावला, वास घेतला, जीभ लावली, गिळलं अशी प्रत्येक पायरी नोंदवा. ‘खाल्लं की नाही’ एवढ्यात फार काही हरवतं. ॲलर्जी आणि तो पदार्थ पूर्वी खाल्ला होता का, हे आधीच विचारा. शेवटचं जेवण कधी झालं तेही लिहा, कारण भूक निकाल बदलते. आग्रह मात्र कुणीच करायचा नाही, अगदी कौतुकानंसुद्धा.

ओळखीचे पदार्थही नाकारणारं मूल वेगळं. तो चोखंदळपणा, त्याची नोंद स्वतंत्र ठेवा.